तुझी वेळ संपली

मी तळघरातून बोलतेय. आवाज जरा घरघरीत येईल, समजून घ्या. चादरी दाबण्यापलीकडे मला कुणी कधी तोंड उघडू दिलेलं नाही.

मला इथं मंगेल म्हणतात. दोन जाड लाकडी रूळ, त्यांच्यावर ओझं, खाली मोटर, एवढाच माझा देह. धुतलेली, किंचित ओलसर चादर माझ्या रुळाला गुंडाळायची आणि बटण दाबायचं. मी तिला पुढे-मागे लाटते आणि ती बाहेर येते ती कोऱ्या कागदासारखी. पश्चिम स्वीडनमधल्या कापडगिरण्यांच्या एका पावसाळी गावात माझा जन्म झाला. गिरणी-कामगारांसाठी ही विटांची इमारत उभी राहिली, तेव्हा चार माणसांनी मला शिव्या घालत हा जिना उतरवला. त्यानंतर मी जिना चढले नाही. गिरण्या बंद पडल्या, कामगार गेले. आता इथं शिक्षक, नर्सा, बसचालक राहतात.

सुरुवातीच्या दिवसांत एका बाईचं बोट माझ्यात सापडलं. मग माझ्या तोंडाशी एक आडवी पट्टी बसवली. तिला बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी मी जागच्या जागी थांबते. लाकडालोखंडाला एवढं शहाणपण शिकवता येतं. माणसांना का येत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

या इमारतीत कुणी कुणाच्या घरी सहज जात नाही. माणसं भेटतात ती इथं, धुण्याच्या खोलीत. भिंतीवर वेळांचा फळा आहे आणि प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. ज्या वेळेच्या भोकात तुमचं कुलूप, ती वेळ तुमची. ती संपली की मशीन पुसायची, गाळणीतली लव काढायची, आणि चालू लागायचं. कुणी चुकलं तर तोंडावर बोलायचं नाही, चिठ्ठी चिकटवायची. नाव न लिहिता, शेवटी विनंती करून. समोरासमोर बोललं की भांडण होतं, चिठ्ठी लिहिली की ती सभ्यता ठरते. मी अशा इतक्या चिठ्ठ्या पाहिल्यात, की या माणसांना जीभ कशासाठी दिलीय असा प्रश्न पडावा.

या खोलीचा कारभार गुनवोरकडे. दातांच्या दवाखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, टापटिपीची बाई. वाईट मुळीच नाही, हे आधीच सांगते. इमारतीत बाळ जन्मलं की तिनं विणलेले मोजे दाराला लटकलेले असत. कुणी गावाला गेलं की त्यांच्या कुंड्यांना पाणी तीच घाली. फक्त नियम मोडला की तिच्या पोटात दुखे. तिच्या समोरच्या घरातला बोर्ये, बस चालवून निवृत्त झालेला विधुर, तिला चिडवायचा, "गुनवोरच्या राज्यात मोजेसुद्धा रांगेत वाळतात." तो दर महिन्याला बायकोच्या वेळचे टेबलक्लॉथ माझ्याकडून दाबून नेई. त्याच्याकडे जेवायला कुणी येत नसे. तरीही नेई.

मग वरच्या मजल्यावर तूवे आणि येस्पेर राहायला आले.

येस्पेर सगळ्यांना आवडला. न सांगता दारासमोरचा बर्फ लोटायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायचा. तूवे बालवाडीत शिकवायची. पहिल्यांदा खाली आली तेव्हा ओली चादर एकटीच ताणायच्या खटपटीत होती. माझ्यात घालण्यापूर्वी चादर दोघांनी ओढावी लागते. समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरायचे आणि आळीपाळीनं तिरपं खेचायचं. एकट्यानं होत नाही. गुनवोरनं पलीकडचे कोपरे धरले, आणि तिनं असं काही जोरात खेचलं की तूवे चादरीसकट तिच्या अंगावर आली. दोघी हसल्या. त्यानंतर तूवेच्या धुण्याच्या वेळी गुनवोरला तळघरात हमखास काहीतरी काम निघू लागलं.

पुढे तूवेनं बालवाडी सोडली. येस्पेरला आवडत नाही म्हणाली. बहीणही येईनाशी झाली. भर जुलैत, अंगाची लाही होत असताना, ती लांब बाह्यांचा स्वेटर घालून खाली आली. दोघींनी चादर धरली, तूवेनं खेचलं, बाही वर सरकली. मनगटाच्या वर बोटांचे निळे वळ होते, जुन्या वळांवर नवे.

गुनवोरनं पाहिलं. मीही पाहिलं. 

"ही किनार जरा उसवलीय बघ," गुनवोर म्हणाली.

"हो," तूवे म्हणाली. "शिवून घेईन."

आणि ती चादर माझ्यात आली, आणि मी ती गुळगुळीत करून दिली. माझं कामच ते. कसल्याही घडीचा माग ठेवायचा नाही.

वरच्या घरात काय चालतं ते मला पाण्याच्या नळांतून कळे. नळ भिंतीभिंतीतून उतरत माझ्या पाठीशी येतात. मला कळे म्हणजे गुनवोरलाही कळे, तिचं घर बरोबर खाली. त्याच्या आदल्या वसंतात रस्त्यावरून सायकलनं जाणाऱ्या कुणीतरी ओरडणं ऐकून पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले. तूवे म्हणाली, पाय घसरला. शेजाऱ्यांना विचारलं. गुनवोर काय म्हणाली ते ती नंतर इथं बोर्येला जरा मिरवतच सांगत होती, की आम्ही या इमारतीत एकमेकांच्या भिंतींना कान लावत नाही. बोर्येनं मान डोलावली. पोलीस गेले.

ऑगस्टमध्ये रविवारच्या सकाळी वरून आवाज यायला लागले. खुर्ची आपटल्याचा, मग बाईचा. गुनवोरची झोप मोडायची. आता, पायात चपला सरकवून एक जिना चढायचा आणि घंटी वाजवायची, एवढंच करायचं होतं. तिनं काय केलं? चिठ्ठी लिहिली. सुंदर अक्षरात: 'आपल्या भिंती पातळ आहेत. सुट्टीच्या सकाळी सर्वांना शांतता मिळावी, ही नम्र विनंती.' खाली एक हसरा चेहरा काढला, कुणाला बोचू नये म्हणून. आणि ती माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवली.

तूवेनं ती वाचली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. ती उशीची खोळ छातीशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली. इतके दिवस तिला वाटत असावं, कुणाला माहीत नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी कुणीतरी येईल. आता तिला समजलं, की सगळ्यांना माहीत आहे. आणि सगळ्यांना हवी आहे ती शांतता.

तिनं ती दिली. त्यानंतर वरच्या घरातून आवाज आला नाही. काय तोंडात कोंबून ती गप्प राहत होती, ते मला धुवायला आलेल्या टॉवेलांवरून कळत होतं. टोकं चावून चावून फाटलेली असत.

"चिठ्ठीचा उपयोग झाला," गुनवोर समाधानानं म्हणाली.

"तू राजदूतच व्हायला हवी होतीस, बाई," बोर्ये म्हणाला.

त्यानंतरचा ऑक्टोबर. शनिवारची दुपार. सकाळची वेळ तूवेची होती, पुढची बोर्येची. तूवेचं धुणं केव्हाच झालं होतं. ती एकच चादर पुन्हा पुन्हा माझ्यातून काढत होती. दाबलेली चादर परत दाबायची, उलगडायची, परत दाबायची. गुनवोर फळा बघायला खाली आली.

"अजून चाललंय?"

"मी थोडा वेळ थांबले तर चालेल?" तूवे म्हणाली. "धुणार नाही काही. नुसती बसेन कोपऱ्यात."

"इथं ओलीत कशाला बसतेस? घरी जाऊन छान कॉफी घे."

"येस्पेर घरी आहे."

यापेक्षा स्पष्ट ती आणखी काय बोलणार होती? गुनवोर तिच्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. माझ्या रुळांची शपथ घेऊन सांगते, तिला सगळं कळलं होतं. 'चल माझ्याकडे' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले, असं नंतर तिनंच सांगितलं. पण मग येस्पेर खाली येईल, दार वाजवेल, विचारेल. त्याला काय सांगायचं? आणि आपण भलतंच समजलो असलो तर? जिन्यात रोज तोंड कसं दाखवायचं?

तिला फळा दिसला. फळ्याचा मोठा आधार असतो.

"बोर्ये येईल आता," ती मऊ आवाजात म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा असतो, राणी. तुझी वेळ संपली."

तिनं तूवेचं कुलूप फळ्यावरून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. तूवेनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. चादरी वाळवणीच्या कपाटात तशाच विसरून ती वर गेली.

बोर्ये आला, टेबलक्लॉथ गुंडाळला, मला सुरू केलं. मी घरघरू लागले. नळांतून पहिला धक्का आला तो मला पाठीत जाणवला. मग दुसरा.

"काही ऐकलंस?" बोर्येनं विचारलं.

"ही म्हातारी घरघरतेय," गुनवोर म्हणाली.

माझ्यावर ढकललं तिनं. आणि मला थांबता येईना. माझ्या पट्टीला बोटांची कदर आहे, किंकाळीची नाही. एरवी कितीदा तरी मोटर मध्येच बंद पडते. त्या दिवशी शहाण्यासारखी चालत राहिली. अखेर बोर्येनंच बटण बंद केलं. खोली शांत झाली. वर काहीतरी जड फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून काहीच नाही. कण्हणंसुद्धा नाही.

गुनवोरनं खिशातून फोन काढला. एकशे बारा, तातडीच्या मदतीचा नंबर. दवाखान्यात नव्या मुलींकडून ती हा नंबर घोकून घ्यायची. पण तो फिरवला तर निळे दिवे येतील, अख्खी गल्ली खिडकीत येईल. आणि नुसतं शेल्फच पडलेलं निघालं तर? भिंतीवर सोसायटीचं पत्रक होतं: आवाजाचा त्रास होतो? इथं कळवा. तिनं तो नंबर लावला. आवाजाची तक्रार नोंदवली. एका बाईचा जीव जात होता, आणि तिच्या शेजारणीनं कळवलं की शांतताभंग होतोय.

आवाजाच्या तक्रारींसाठी सोसायटीनं नेमलेले दोन रखवालदार आले. येस्पेरनं दार उघडलं, हातात कॉफीचा कप. शेल्फ बसवतोय म्हणाला, माफीही मागितली. रखवालदारांनी जिन्यात उभ्या असलेल्या गुनवोरला विचारलं, की नुसता आवाजच होता ना, आणखी काही?

"आवाजच," ती म्हणाली.

तक्रार आवाजाची होती, आवाज थांबला होता. ते गेले. तूवे न्हाणीघराच्या फरशीवर पडली होती, दारापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी येस्पेरनं स्वतःच रुग्णवाहिका बोलावली. घसरली म्हणाला.

तूवे वाचली. एका कानानं मात्र तिला आता ऐकू येत नाही, आणि शब्द शोधत शोधत बोलावं लागतं. त्या दिवसाचं तिला काहीही आठवेना. आणि येस्पेरचं म्हणणं एकच: पडली.

काही दिवसांनी पोलीस अधिकारी निस्कानेन बाई गुनवोरला शोधत खाली आल्या. थकलेल्या चेहऱ्याच्या, मधल्या वयाच्या. गुनवोर लव काढायचं निमित्त करून गाळणी घासत होती. स्वच्छ झालेली गाळणी.

"आधी माझं सांगते," निस्कानेन स्टुलावर बसत म्हणाल्या. "वसंतात इथं आले होते ती मीच. तूवेला मी दारातच विचारलं, तो तिच्या मागे उभा असताना. अशानं कुणी खरं बोलतं का? तिला बाजूला न्यायला हवं होतं, हे मी शिकलेय, इतरांना शिकवतेसुद्धा. पण पुढचा फोन आला होता. तुम्ही सगळे काही ऐकलं नाही म्हणालात, आणि मला ते सोयीचं वाटलं. प्रकरण बंद केलं."

"मग तुम्हाला काही शिक्षा नाही?" गुनवोरचा आवाज चिरका झाला होता.

"वरिष्ठांना लिहून कळवलंय. होईल ते होईल. पण त्यानं येस्पेर आत जाणार नाही. तो सुटला तर तिला पुन्हा शोधून काढेल, गुनवोर. असे लोक शोधतात. तिला कसली भीती होती, ती कुणाला काय म्हणाली, हे सांगणारा कुणीतरी मला हवाय."

गुनवोर गाळणी घासतच राहिली. निस्कानेन बाईंनी घाई केली नाही. थोड्या वेळानं उठून गेल्या.

नंतर बोर्ये समजावू लागला. जे ऐकलं तेवढं सांग ना, म्हणाला. धक्के ऐकले, बस. खाली काय बोलणं झालं ते कोर्टात कशाला उगाळायचं? तो माणूस सुटला तर याच जिन्यात भेटेल. नाही सुटला तरी अख्खं गाव म्हणेल, हिनंच पोरीला वर पाठवलं.

"खरंच आहे ते," गुनवोर म्हणाली. "मीच पाठवलं."

"तुला काय ठाऊक होतं, काय होणार ते?"

"होतं, बोर्ये. तुलाही होतं."

बोर्येनं टेबलक्लॉथची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. पण कोर्टाच्या दिवशी गाडी त्यानंच चालवली, आणि साक्षही दिली. तिथलं जे मला ठाऊक आहे ते त्याच्याच तोंडून. गुनवोरनं सगळं सांगितलं, म्हणे. वळ, चिठ्ठी, कोपऱ्यात बसू देण्याची विनवणी. येस्पेरच्या वकिलानं विचारलं, की एवढं सगळं दिसत होतं, तर तुम्ही तिला वर कसं पाठवलंत? त्याला वाटलं असावं, आता बाई गडबडेल.

"कारण मला नियम पाठ होता," ती म्हणाली, "आणि माझं हसं होईल याची भीती वाटत होती. ती किती घाबरलीय हे मला तेव्हा दिसत होतं. म्हणून तर मी तिच्याकडे न बघता फळ्याकडे बघितलं."

येस्पेर तुरुंगात गेला. गुनवोरला कायद्यानं कुणी काही केलं नाही. दुकानात दोघीतिघी बोलायच्या थांबल्या, एवढंच.

तूवेची बहीण इल्वा, तोवर कुणी हात न लावलेल्या तिच्या चादरी न्यायला खाली आली. गुनवोर पुढे झाली. मला तिला भेटायचंय, माफी मागायचीय, असं काहीतरी पुटपुटली.

इल्वा वाळवणीच्या कपाटातून चादरी काढत राहिली. "साक्षीबद्दल तिनं आभार सांगितलेत. खरेखुरे. त्यामुळे ती रात्री झोपू शकते. पण भेटायचं नाही म्हणाली." पिशवी बांधून झाल्यावर ती थांबली. "तुम्ही तिला वर पाठवलंत, ते तिला आठवतसुद्धा नाही. चिठ्ठी आठवते. खाली हसरा चेहरा काढला होतात ना, तो तिच्या डोळ्यांपुढून जात नाही."

ती गेल्यावर गुनवोर माझ्या रुळावर हात टेकून उभी राहिली. तिच्या हाताचं वजन मला कुठल्याही ओझ्यापेक्षा जड वाटलं.

आता मी थकलेय. रूळ चिरलेत, मोटरचे भाग मिळत नाहीत. वसंतात मला हलवणार आहेत. सोसायटीच्या सभेत ठरलंय. मी जाईन ती काही निर्दोष म्हणून जाणार नाही. ज्या घरात सगळं गुळगुळीत दिसावं असा हट्ट होता, त्या घराचं मी हत्यार होते.

पण जाण्यापूर्वी, परवाचंच एक सांगू द्या. वरच्या घरात आता दोन भाऊ राहतात. भरदुपारी तिथून आरडाओरडा सुरू झाला, काहीतरी फुटलं. गुनवोर ओली चादर पिळत होती. तिनं ती तशीच जमिनीवर टाकली. स्वच्छ धुतलेली चादर, जमिनीवर! निस्कानेन बाईंचा नंबर तिनं फोनवर आधीच काढून ठेवला होता. बोर्येला म्हणाली, चल. तो म्हणाला, अगं पण नुसतं काही पडलं असेल तर? तोवर ती अर्धा जिना चढून गेली होती, आणि तो धापा टाकत मागे.

थोड्या वेळानं वरून हसण्याचा गडगडाट नळांतून माझ्यापर्यंत आला. भाऊ टीव्हीवर हॉकीचा सामना बघत होते. आपला संघ हरला म्हणून थोरल्यानं कपबशी आपटली होती. दारात ही बाई उभी, साबणाच्या हातांनी, विचारतेय, इथं सगळे ठीक आहेत का, मला आत येऊन बघायचंय. आणि ती खरंच आत गेली. न्हाणीघराचं दारसुद्धा उघडून पाहिलं. धाकट्यानं तिला दालचिनीचा पाव दिला आणि पोट धरधरून हसला.

दोघं खाली आले. बोर्ये म्हणत होता, झालं, आता वर्षभर गाव हसेल आपल्याला.

"हसू दे," गुनवोर म्हणाली, आणि जमिनीवरची चादर उचलून पुन्हा धुवायला टाकली.

तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता, मला माहीत नाही. भिंतीपलीकडून आवाज आला तर उठा. घंटी वाजवा, आणि उघडणाऱ्याच्या खांद्यावरून आत बघा. भीती वाटली तर पोलिसांना बोलवा, आणि खरं कारण सांगून बोलवा. पोलीस असाल तर तिला बाजूला नेऊन विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बहुतेकदा शेल्फच पडलेलं असेल. तुमचं हसं होईल. होऊ द्या.

त्या दुपारी लाजेनं गुनवोरचे कान लालबुंद झाले होते, बोर्येचेही. मी बघत राहिले. तूवेच्या वेळी या इमारतीत एकाचेही कान लाल झाले नव्हते.